बाही मीच वर धरली

मी मुळातच भित्री आहे, हे आधी सांगून टाकते. कुत्री, लिफ्ट, परीक्षांचे निकाल, अवेळी वाजणारा फोन, सगळ्यांना मी भिते. लग्न करून नगर जिल्ह्यातून हुबळीला आले तेव्हा कन्नडलासुद्धा भ्याले. बसच्या पाट्या वाचता येईनात म्हणून पहिले कित्येक महिने आमचं केशवापूर सोडून एकटी कुठे गेले नाही. त्यामुळे पुढे कुठे मी धीराची दिसले, तर मी काहीतरी लपवते आहे असं खुशाल समजावं.

आम्ही ख्रिस्ती. माझ्या सासऱ्यांचे वडील रेल्वेच्या नोकरीपायी इथे आले आणि इथलेच झाले. मराठी ख्रिस्ती लोक हुबळीत मूठभर. सकाळी देवळात कन्नड उपासना असते आणि संध्याकाळी त्याच बाकांवर आमची मराठी मंडळी बसते. चर्चला देऊळ म्हणायची आमची जुनी सवय आहे, ती काही जात नाही. तिथे लहान मुलांचा रविवारचा वर्ग मी घेत असे. देवावर भरवसा ठेवला की भट्टीतली आगसुद्धा भाजत नाही, असं मी त्यांना चित्रं दाखवून शिकवायची. चित्रं बरी काढते मी.

आमच्या घरचे नियम साधे होते. दारू नाही, पत्रिका बघणं नाही, शेजारचा प्रसाद नम्रपणे घ्यायचा पण खायचा नाही. आणि दोरा, गंडा, ताईत, अंगारा यांचं तर नावही नाही. हे नियम मला कधी जड गेले नव्हते, कारण ते मोडायची वेळच आली नव्हती.

मुलीला पाचवं लागलं होतं तेव्हा तिला पहिला झटका आला. दुपारची वेळ, नवरा बाहेरगावी, अळणावरला ड्युटीवर. तिला सकाळपासून ताप होता. पेज भरवत होते आणि एकदम तिचे डोळे वर गेले, अंग ताठ झालं, ओठ निळे पडले. मी किंचाळले. काय किंचाळले ते मला आठवत नाही, पण समोरच्या अक्का अनवाणी धावत आल्या. त्या मराठीच, भांड्यांच्या दुकानवाल्या घरातल्या, वयानं माझ्या आईएवढ्या. त्यांनी मुलीच्या नाकाला कांदा लावला, मला एक धपाटा घातला आणि रिक्षा थांबवली. रिक्षातच झटका थांबला. इस्पितळात सिस्टरनं कांद्याबद्दल अक्कांना चांगलंच झापलं.

डॉक्टर म्हणाले, तापातले झटके आहेत. पुष्कळ मुलांना येतात, सहाव्या वर्षापर्यंत बहुतेक जातात. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. "एनू आगल्ल, अंजब्याड्री," असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. काही होत नाही, भिऊ नका. एवढं कन्नड मला तोवर येत होतं. पण भिऊ नका हे मला कुठल्याही भाषेत सांगून उपयोग नसतो.

दुसरा झटका आला, तेव्हा आमचे पाळकसाहेब, म्हणजे देवळाचे धर्मगुरू, नवनगरहून स्कूटरवर आले आणि सबंध सकाळ इस्पितळाच्या बाकावर आमच्याबरोबर बसले. वयानं माझ्याहून लहान, नुकतेच इथे नेमले गेलेले, नियमाला कडक. त्यांची मुलगी माझ्याच मुलीएवढी होती, दोघी माझ्या वर्गात शेजारी बसायच्या. त्यांनी मुलीच्या कपाळाला तेल लावून प्रार्थना केली. मंडळीनं उपास केला. मीही केला. आणि त्यानंतर तिसरा झटका आला, आधीच्या दोन्हींपेक्षा मोठा.

त्या आठवड्यात डॉक्टरांनी औषध बदललं. आणि त्याच आठवड्यात अक्का मुठीत काहीतरी घेऊन आल्या. काळा दोरा होता, मध्ये गाठीत अंगारा बांधलेला.

"आमच्या गावच्या देवीचा आहे. माझ्या धाकट्यालाबी असंच व्हायचं. बांधतो बघ मी."

"अक्का, आमच्यात चालत नाही."

"लेकरू निळं पडायलंय आणि तू तुमच्यात आमच्यात काय करत बसलीस ग? तुला नको तर तू बांधू नको. मी बांधतो की."

मुलगी झोपली होती. अक्कांना एका हातानं बाही सावरून दुसऱ्या हातानं गाठ मारता येईना. तेव्हा फ्रॉकची बाही मी वर धरली. कुणी मला धर म्हटलं नव्हतं. पुढे पुष्कळदा मी स्वतःशी वाद घातला की बांधला तो अक्कांनी, मी नाही. पण बाही धरणारा हात माझा होता, आणि तो मला दिसायचा.

मग पावसाळ्यात तिला पुन्हा ताप आला. चांगला फणफणला. मी उशाशी बसून होते. ताप चढला, उतरला, आणि झटका आला नाही.

आनंद व्हायला हवा होता ना? मी उलट जास्तच भ्याले. आभार कुणाचे मानायचे? औषध बदललंय हे मला माहीत होतं. नवऱ्यानंही तेच सांगितलं. तो शांत माणूस आहे, त्याला दोऱ्याचं काही वाटलं नव्हतं. "दोरा आहे, दोरा. राहिला तर राहिला," म्हणाला आणि पेपर उघडला. पण मी गुडघे टेकले आणि प्रार्थनेचा पहिला शब्द सुचेना. देवा तुझे आभार म्हणावं, तर तो विचारणार, मग दंडाला काय आहे? आणि दोरा काढावा, तर पुढचा ताप यायचाच होता. रोज सकाळी आंघोळ घालताना मी ती गाठ घट्ट आहे ना ते चाचपून बघायची, आणि मग तिला लांब बाह्यांचा फ्रॉक घालायची. मुलगी मुकाट्यानं बघत असायची.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात टेबलावर हात आपटला. कुणाच्या तरी लग्नात त्यांना आपल्या मंडळीतल्या एका मुलाच्या मनगटावर दोरा दिसला होता. ते म्हणाले, ज्यांच्या घरात कुणाच्याही अंगावर दोरा-गंडा असेल, त्यांनी तो काढेपर्यंत प्रभुभोजनाला, म्हणजे महिन्यातून एकदा प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटतात त्याला, येऊ नये. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

प्रभुभोजनाची भाकर लायकी नसताना खाल्ली तर माणूस स्वतःवर न्याय ओढवून घेतो, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलेलो. माझ्यावर आला असता तर एक वेळ सोसलं असतं. पण तो तिच्यावर येईल, ओठ निळे करून येईल, याची मला खात्री होती. म्हणून भोजनाच्या रविवारी सगळे उठून पुढे गेले तेव्हा मी तोंडाला पदर लावून बाकावरच बसले. मळमळतंय, म्हणाले. बायकांना तेवढं पुरलं. कुणी चिंचेच्या गोळ्या आणून दिल्या, कुणी नवऱ्याचं अभिनंदन केलं. तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला. दुसऱ्या महिन्यातही मी बसूनच राहिले आणि तेव्हा मात्र माझ्या पोटाकडे बघून हिशोब सुरू झाले.

शेवटी पाळकसाहेब घरी आले. चहा ठेवला, आणि तो उकळायच्या आत मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. सांगितल्यावर इतकं हलकं वाटलं! आता हे माझ्या हातात नाही, यांच्या हातात आहे, असं वाटलं. ते रागावले नाहीत. "ताई, कात्री आणा," एवढंच म्हणाले.

मी मुलीला आणलं. तिला सर्दी झाली होती, नाक वाहत होतं. त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली, भीतीच्या बंधनातून या लेकराला सोडव म्हणाले. मग कात्रीचं एक पातं हलकेच दोऱ्याखाली सरकवलं. मुलीनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "पाळककाका, हा कापला की मला परत झटका येणार ना?"

तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी तरी तोंडानं सांगितलं नव्हतं.

पाळकसाहेबांचा हात थांबला. ते तिच्याकडे बघत राहिले, आणि त्या वेळी त्यांना स्वतःची मुलगी दिसत होती हे मला शपथेवर सांगता येईल. मग त्यांनी विचारलं, "नाक कधीपासून वाहतंय हिचं?"

"काल संध्याकाळपासून."

"ताप येईलसं वाटतं?"

"मला काय ठाऊक?"

त्यांनी पातं बाहेर काढलं आणि कात्री चहाच्या कपाशेजारी ठेवली. "जरा बरी होऊ द्या. मग बघू." दारात हेल्मेट घालताना खाली बघत म्हणाले, "मंडळीत बोलू नका, ताई."

शिडीवर चढावं आणि खाली शिडी धरणाऱ्याचेच हात थरथरताना दिसावेत, तसं मला झालं. मी कुणाच्या भरवशावर भीत होते इतके दिवस? टेबलावर हात आपटणारा माणूस आमच्या दिवाणखान्यात माझ्याइतकाच भ्याला होता. आणि मग मला संताप आला. त्यांचा, अक्कांचा, पेपर वाचणाऱ्या नवऱ्याचा, आणि सगळ्यात जास्त माझा. मी कात्री उचलली. "काढू का ग हा?" मुलीला विचारलं. तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काढ." मी कापला.

हातात तो दोरा आल्याबरोबर संताप गेला आणि भीती दुप्पट झाली. विश्वासानं जे केलेलं नाही ते पापच, हेही आम्हाला शिकवलेलं आहे. मी तो विश्वासानं कुठे कापला होता? रागानं कापला होता. म्हणजे बांधू दिला ते पाप आणि काढला तेही पाप. दोरा कचऱ्यात टाकायची हिंमत होईना, जाळायची त्याहून नाही. कागदात गुंडाळून अक्कांना परत दिला. त्यांनी तो देवापुढे ठेवला. वाईट वाटलं असणार त्यांना, पण म्हणाल्या एवढंच, "बरं. ताप आला तर हाक मार."

त्याच आठवड्यात ताप आला. औषध दिलं, अंग पुसलं. पुसताना माझ्या ओठांतून प्रार्थना येईना, नुसता श्वास येत होता. आणि दुपारी तिचे डोळे वर गेले.

मी हाक मारली. अक्का आल्या, या वेळी कांदा न घेता. मी तिला कुशीवर वळवलं, अक्कांनी तिची पावलं धरली. दोघींपैकी कुणी देवाचं नाव घेतलं नाही. झटका थांबला. पहिल्यासारखाच होता, त्याहून मोठा नाही, लहान नाही. अक्कांनी तिच्या उघड्या दंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मुलीचे केस मागे सारले. मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडले.

मुलगी बराच वेळ झोपली. जागी झाली तेव्हा तिचा हात आधी दंडाकडे गेला. तिथे काही नव्हतं. ती म्हणाली, "आई, मी काढ म्हटलं म्हणून आला ना? माझी चूक झाली ना?"

तीन झटके बघितले होते मी आणि हा चौथा. इतकी कधी भ्याले नव्हते. पाच वर्षांचं लेकरू अंथरुणातून उठायच्या आत स्वतःला दोषी ठरवत होतं, आणि आवाज थेट माझा होता. नाही म्हणाले. तिला जवळ घेऊन पुन्हा पुन्हा नाही म्हणाले. तेव्हा मला कळलं की इतके महिने मी पाप शोधत होते ते चुकीच्या ठिकाणी. दोरा कापता आला होता. मी रोज सकाळी चाचपून चाचपून तिच्यात जे घट्ट केलं होतं, त्याला कुठून कात्री लावणार?

पुढच्या भोजनाला मी पुढे गेले. पाळकसाहेब ओळीनं देत देत माझ्यापर्यंत आले. "कापला. मी," मी पुटपुटले. त्यांनी मान हलवली. भाकर देताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि मला त्यांची दया आली.

सहावं वर्ष सरल्यावर झटके थांबले, डॉक्टर म्हणाले होते तसेच. ती आता सातवीत आहे. हुशार आहे, हसरी आहे, बसच्या पाट्या मला वाचून दाखवते. गेल्या महिन्यात तिचे आजोबा न्हाणीघरात घसरले आणि त्यांचं मनगट मोडलं. प्लास्टर घालून आम्ही त्यांना घरी आणलं, तेव्हा ती स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन उभी राहिली. रडत नव्हती. "आई, काल मी त्यांच्यासाठी प्रार्थना करायची विसरले होते," म्हणाली.

त्याचा याच्याशी काही संबंध नाही, मी म्हणाले. देव असा नसतो, म्हणाले. माझ्या परीनं होईल तितक्या ठाम आवाजात म्हणाले. ती गेली नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली, मला स्वतःला ते खरं वाटतंय का, ते तपासत.