वाऱ्याच्या आडवं

"वहिनी, आज हवा कुठली?"

फाटक उघडण्याआधी शेजारचे भाऊ खिशातला रुमाल एका कोपऱ्याने उंच धरायचे. तो कुठे उडतो ते पाहूनच बरखेड्याच्या बाजारात दुधाला निघायचे. तुमच्याही गल्लीत असा कुणी असेल, तुम्ही हसलाही असाल. मी हसले होते. "भाऊ, रुमाल वाळवताय की पतंग उडवताय?"

"हसा, हसा. आमची आई हवेबरोबर पळाली होती."

चौऱ्याऐंशी साली आमच्या शहरात विषारी गॅस सुटला, त्या रात्रीची गोष्ट. गॅसही त्याच दिशेने चाललाय, हे तिला कुणी सांगितलंच नाही. त्यानंतर मी हसले नाही.

भाऊ इथल्या कारखान्यात वायरमन होते, निवृत्तीनंतर एकटेच राहायचे. मुलगी दिली कोकणात, समुद्रकाठच्या रासायनिक कारखान्याजवळ. तिच्याकडून पहिल्यांदा आले ते तणतणतच. "जनरेटर जमिनीवर ठेवलाय, वहिनी! उधाणाचं पाणी दारापर्यंत येतं. लाइट गेली की वायूच्या टाक्या थंड कोण ठेवणार? और सुनो, धोक्याचा भोंगाही त्याच लाइनवर!"

मग दर उन्हाळ्यात त्या कोकणातल्या कारखान्याला पत्र. प्रश्न एकच, जनरेटर वर कधी चढवणार? उत्तरही एकच, पत्र संबंधित विभागाकडे पाठवले आहे.

आणि ते वादळ आलं. न सांगता नाही हं, चार दिवस टीव्ही ओरडत होता! पाणी शिरलं, जनरेटर बुडाला, टाकीतून वायू सुटला. भोंगा मुकाच. भरदुपारी मुलीचा फोन, "बाबा, डोळे चुरचुरतायत."

भाऊ अंगणात उभे राहून फोनवर ओरडत होते, "ओढणी भिजव, नाकाला लाव! रुमाल धर, हवा बघ. तिच्या आडवी चाल, बेटा, आडवी!"

तिने सगळ्या आळीला आडवं नेलं. वाचले सगळे. नातीची छाती मात्र अजून घरघरते.

कारखान्याचे साहेब पेपरात म्हणाले, निसर्गापुढे कुणाचं चालतं? अहो, जनरेटर काय निसर्गाने खाली ठेवला होता?

या थंडीत भाऊ गेले. परवा त्यांच्या नावाने कारखान्याचं पत्र आलं. पोस्टमनने माझ्या हातात दिलं, मी उघडलं. "आपली सूचना विचाराधीन आहे."

तशीच बसले नि लिहिलं, "भाऊ वारले. जनरेटर वर चढवला का, ते आता मला कळवा."

पत्र टाकायला निघाले. फाटकाशी थांबले, आणि पदराचं टोक उंच धरलं.