विजूने उघडलेले डोळे

माझी मैत्रीण विजू गेल्याचं कळलं तेव्हा मी पेणच्या शाळेत पेपर तपासत होते. रोह्याहून तिच्या भावाचा, सुरेशचा, फोन आला. झोपेतच गेली म्हणाला... महिना उलटला, तरी तो आवाज कानातून जात नाही.

विजूचे वडील रोह्यात फोटो स्टुडिओ चालवायचे. आसपास कुठे खून झाला, की पंचनाम्याच्या फोटोंसाठी पोलीस त्यांनाच बोलवायचे. ते गेल्यावर विजूला एका पेटीत त्या जुन्या निगेटिव्ह सापडल्या. कुठे कलंडलेलं स्टूल, कुठे सांडलेली कळशी, आणि जमिनीवर पडलेलं माणूस. रोह्याच्या पुढे कोकण रेल्वेचं काम चालू होतं, त्या वर्षांतले हे फोटो. मला म्हणाली, "यांचा जन्मात एकच फोटो निघाला असेल गं, आणि तो असा." मग तिच्या मनाने घेतलं, की तीच जागा गाठायची, वडिलांनी लावला तिथेच कॅमेरा लावायचा, आणि मेलेल्याच्या जागी जिवंत माणसाला झोपवायचं. का, ते तिलाही नीट सांगता येत नसे. सुरेश चिडायचा. मी मात्र तिच्यासाठी झोपायला गेले... धरमतरच्या खाडीकाठी, मिठागरातल्या एका पडक्या खोपीत अंग टाकलं. जुन्या फोटोतल्यासारखाच एक हात डोक्यावर, शेजारी फुटक्या बांगड्या. जमिनीतला खार मानेला झोंबत होता. "श्वास रोखू नको," विजू म्हणाली, "हळूच घे." तिथून उठून आले ती मीच का, हे पुढे बरेच दिवस मला कळत नव्हतं.

त्या हिवाळ्यात तिने पेणला प्रदर्शन लावलं. जुना एकही फोटो नव्हता, फक्त आम्हा झोपलेल्यांचे. गावात कुणीतरी सांगितलं म्हणून खाडीकडच्या पार्वतीबाई आल्या, आणि माझ्या फोटोसमोर थांबल्या.

"ही माजी भन हाय. हिरा."

"मावशी, ती मी आहे," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे. "आसशील. पन निजलीय ती हिराच."

मग विजूकडे वळून म्हणाल्या, "घरात तिचा एक बी फोटू नाय. तुज्या बापानं काढलेला, तो दे."

"तो तुम्हाला बघवणार नाही, मावशी."

"मीच तिला शेवटची न्हाऊ घातली गो. मना काय भ्या दाखवतेस?"

तरी विजूने तो तसाच दिला नाही. निगेटिव्हमधला चेहरा तेवढा मोठा केला, मानेवरचे वळ पुसले. पार्वतीबाईंना समोर बसवून, विचारत विचारत, हिराचे मिटलेले डोळे बारीक ब्रशने उघडले. म्हातारीने तो फोटो उजेडात धरून न्याहाळला. शेवटी एवढंच म्हणाली, "बगते हाय."

त्यानंतर विजूने कुणाला झोपवलं नाही. पेटीतला एकेक चेहरा घेऊन नातेवाईक शोधत हिंडली. कुठे लोकांनी फोटोला हार घातला, तर कोलाडकडच्या एका घरातून तिला उभ्या उभ्या परत पाठवलं. ती खंगत गेली. एकदा म्हणाली, "मी उघडलेले डोळे आता मिटत नाहीत गं..."

तेराव्यानंतर सुरेशने मला स्टुडिओत नेलं. खिडकीजवळच्या टेबलावर एका तरुण माणसाचा फोटो होता. डावा डोळा उघडा, उजवा अजून मिटलेला. कोण, ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. ब्रशवर शाई वाळली होती, ती मी धुऊन टाकली. फोटो पेटीत ठेवायला उचलणार, तोच सुरेशने माझा हात धरला.

"राहू दे," तो म्हणाला. "अर्धा उठवलाय तिने त्याला. पुन्हा कसा निजवू?"