पालीला सोबत

आमच्याकडं कंधारला घरात कुणी बाई एकटी असली की शेजारची एखादी पोरगी सोबतीला झोपायला येते. कुणी नसलं तर चारचौघी विचारतातच, "सोबतीला कोण हाय?" ही सवय माझ्या हाडात मुरलेली. तिच्यापायीच लातूरला तो घोळ झाला.

लातूरला माझी लेक बँकेत नोकरी करते. तिनं पाल पाळलीय. हो, पाल! भिंतीवरली नव्हे, परदेशी जातीची, पिवळी, अंगावर बिबट्यासारखे काळे ठिपके. राहायला काचेची पेटी, पेटीला खालून ऊब, जेवायला डबीतल्या जिवंत अळ्या. आपण जिला झाडूनं हाकलतो, तिची ही ऐट! लेक आठ दिवस ट्रेनिंगला जाणार होती म्हणून मला बोलावून घेतलं. निघताना म्हणाली, "माय, एक दिवसाआड पाच अळ्या. पाणी बदलायचं. दुसरं पेटीत काही म्हणजे काही टाकायचं नाही. माझा जीव आहे तिच्यात."

दोन दिवस सांगितल्यासारखं केलं. पण ती आपली पेटीतल्या खापरीखाली कोपऱ्यात तोंड घालून पडलेली. मला बघवेना. शेजारी उदगीरकडच्या एक बाई राहतात, माझ्याच वयाच्या. मला आक्का म्हणतात. त्यांना म्हटलं, "एकटं वाटत असंल हो तिला. सोबत पाहिजे."

"स्थळ बघायलाव का, आक्का?" पदर तोंडाला लावून हसल्या. पण बसल्या लगेच मांडी घालून.

आधी त्यांनी बेडूक सुचवला. मी म्हटलं, "त्याला ओल लागते, हिला कोरडं. रोजची भांडणं." मग अंगणातला सरडा. "त्याला ऊन पाहिजे, ही दिवसभर झोपते. अन् तो सारखी मान हलवतो, हाव म्हणतोय का न्हाई म्हणतोय, कळायचं न्हाई." शेवटी वर पाहिलं, तर ट्यूबलाइटमागं घरचीच पाल. बारीक, शेलाटी.

"ही घ्या," बाई म्हणाल्या, "माहितीतली हाय, जातीतलीच हाय. अजून काय पाहिजे?"

डब्यात धरली, पेटीत सोडली. पाहुणी काचेला चिकटून बसली. आमची पिवळी खापरीखालून बाहेर आली, तिच्याकडं टक लावून पाहिलं आणि शेपटाचं टोक हळूहळू हलवायला लागली.

"बघा, बघा, लई खूश झाली!" मी टाळी वाजवली. कुत्रं नाही का, घरधनी आला की शेपूट हलवतं!

तेवढ्यात झडप! पाहुणीनं शेपूट टाकलं आणि वर पळाली. ते तुटकं शेपूट वळवळतंय तोवर पिवळीनं गिळलंसुद्धा.

"अगं माय! पहिल्याच दिवशी सासुरवास!" बाई म्हणाल्या. मला काही हसू येईना. पाहुणीला खिडकीतून वाटेला लावलं आणि घाम पुसत बसले.

लपवावं असं वाटलं खरं. पण पिवळीला काही झालं असतं तर लेकीला तोंड कुठं दाखवलं असतं? केला फोन. पलीकडं लेकीनं आधी सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "माय, शेपूट हलवते ते शिकारीच्या आधी. तिला एकटीलाच राहायचं असतं. दुसरी पाल दिसली की एक तर भांडण, नाही तर जेवण. आणि भिंतीवरच्या पालींना जंत असतात गं!" तिनं जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, चार दिवस लक्ष ठेवा. खाते का बघा, शी नीट होते का बघा.

मग काय! आम्ही दोघी म्हाताऱ्या पेटीपुढं पाट मांडून बसलो. पिवळी अळीकडं ढुंकून बघेना. तासातासाला लेकीचा फोन, "झाली का?"

"न्हाई गं अजून."

ट्रेनिंगमध्ये ती काय शिकली, तिचं तिलाच ठाऊक.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकला होता, तर बाई आतून ओरडल्या, "आक्का, झाली! चांगली घट्ट हाय!" चहा उतू गेला, जाऊ दिला. फोन लावला. लेक भर वर्गात ओरडली, "झाली?" मागं पंधरावीस माणसं हसलेली मला ऐकू आली. दुपारी पिवळीनं पाचही अळ्या खाल्ल्या.

लेक आली तशी बॅग दारातच ठेवून पेटीकडं गेली. पिवळीला तळहातावर घेतलं, पोट पाहिलं, शेपूट पाहिलं. माझ्याकडं काही बघितलं नाही. मी आपली उगीच ओटा पुसत राहिले. मग म्हणाली, "पुढच्या महिन्यात परत जायचंय. येशील?"

"येते की," मी म्हटलं. "अळ्या तेवढ्या जास्तीच्या आणून ठेव. पोर वाळलीय."