अंगणातला सडा

लातूर जिल्हा नवाच झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्या रंगल्या, नळ मात्र कोरडेच. आमच्या शेजारची बाई संगीतबारीत नाचायची. दुष्काळानं जत्रा बंद पडल्या आणि तिची पार्टी फुटली. टँकरच्या रांगेतसुद्धा तिची टाच ठेका धरून असायची. मधेच मान वळवून ती मला विचारायची, "मास्तरीणबाई, मला विचारत कोन आलतं का?" कोणी आलेलं नसायचं.

त्या दिवशी घरटी एकच घागर मिळाली. तिनं ती अख्खी अंगणात शिंपडली. धूळ बसल्यावर घुंगरं कपाळाला लावली आणि पायात बांधली.

मी कुडावरून ओरडले, "डोकं फिरलं का तुमचं? लोक घोटासाठी तरसलेत!"

"पाय एकदा बसला की उठत न्हाई, बाई," ती नाचता नाचताच म्हणाली. "उद्या बोलावनं आलं तर?"

संध्याकाळी राग गिळून मी तिला तांब्याभर पाणी नेऊन दिलं. माझ्यासमोर ती दोन घोट प्यायली. मी माझ्या दारापर्यंत पोचते न पोचते, तोच मागून ओल्या मातीचा वास आला.