नवी गोळी

माझ्या मेडिकलमध्ये शिरताना तो आधी वरच्या स्लॅबकडे बघतो, मग दारातच उभा राहतो. किल्लारीचा माणूस, लातुरात क्लासच्या पोरींच्या होस्टेलवर रखवालदार. लघवी सारखी लागते म्हणून डॉक्टरांनी त्याची गोळी बदलली होती. चार दिवसांत ती परत घेऊन आला.

“जुनीच द्या, साहेब.”

“ही लागू नाही पडली?”

“लई लागू पडली. रातभर उठलोच न्हाई.” त्यानं नव्या गोळ्यांची पट्टी पुढं केली. “भूकंपाच्या राती लघवीला बाहेर आलतो म्हणून वाचलो. घरातली समदी झोपेतच गेली. आता वर साठ पोरी झोपत्यात. मला जाग न्हाई आली तर?”

‘आधी डॉक्टरांना विचारा,’ असं मी म्हणायला हवं होतं. पण त्याच होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर माझी भाची राहते.

मी जुनी गोळी काढून दिली.