भविष्याला 'अहो' म्हणणारे काका

"अहो, झोप झाली असेल तर एक विचारू का?"

हा प्रश्न रोज सकाळी खालच्या मजल्यावरून जिन्यातून वर येतो. नव्या भाडेकरूंना वाटतं, खाली कुणी मोठे पाहुणे उतरलेत. पाहुणे म्हणजे काकांचा मोबाइल. काका त्याला आजचं तापमान विचारतात, उत्तर आलं की "आभारी आहे, आराम करा" म्हणतात आणि त्याला पालथा न घालता भिंतीशी नीट टेकवून ठेवतात. मी काही आमचा अख्खा गारखेडा फिरलेले नाही, पण भविष्याशी इतक्या अदबीनं वागणारा दुसरा माणूस तिथं सापडणार नाही, हे लिहून द्यायला तयार आहे. काकांची खात्री आहे की एक दिवस यंत्र स्वतःपेक्षा शहाणं यंत्र बनवेल, ते यंत्र त्याहून शहाणं बनवेल, आणि बघता बघता सगळा कारभार माणसाच्या अकलेपलीकडे जाईल. त्या दिवसाला ते 'सिंग्युलॅरिटी' म्हणतात, आणि तेही घरची लग्नतिथी असावी तशा सुरात. "हेच उद्या आपले साहेब होणार," ते मला म्हणाले. "आयत्या वेळी अहो म्हणायला गेलो तर जीभ वळणार नाय." आतून काकूंचा आवाज आला, "बेचाळीस वर्षं संसार केला, मला कधी अहो म्हणले नाहीत. त्या डबड्याला मात्र अहो-जाहो!"

काका मूळचे सिल्लोडकडचे. सगळी नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात झाली, काम सुटे भाग मापून पास-नापास करण्याचं. निवृत्त झाले तरी मापणं सुटलं नाही. काकूंच्या पोळ्यांची जाडी त्यांनी एकदाच मोजली. त्या दिवशी त्यांना भात खावा लागला. मोजण्यासारखं घरात काही उरलं नाही, तेव्हा ते वाचनालयातून पुस्तकं आणून गुरुत्वाकर्षणाकडे वळले. गुरुत्वाकर्षणाबद्दल ते एखाद्या जुन्या, विश्वासू कामगाराबद्दल बोलावं तसे बोलतात. "कधी रजा नाय, कधी संप नाय, कधी बोनस मागितला नाय." त्याची रोजची हजेरी घ्यायला ते गच्चीवरून गवंड्याचा ओळंबा खाली सोडतात. त्यातच एकदा आमची इमारत दोन बोटं कललेली निघाली. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "काका, बिल्डिंग सरळ हाय, तुमचा दोराच वाकडा असंल." काकांचा चेहरा लाल झाला. "दोरा वाकडा? अहो, खालून अख्खी पृथ्वी ओढतीय त्याला!"

भाजी आणायला काकू त्यांना पाठवत नाहीत, यालाही कारण आहे. वांगी तोलून झाल्यावर त्यांनी भाजीवाल्याला समजावलं होतं, की तुझ्या या इलेक्ट्रॉनिक काट्यावर हीच एक किलो वांगी चंद्रावर दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम भरतील. मागे रांग लागलेली. भाजीवाला शांतपणे पिशवी पुढे करत म्हणाला, "चाँद पे अपना ठेला नै चाचा, इधरीच का भाव लगेगा." काका त्याच्यावर बेहद्द खूश झाले. घरी येऊन म्हणाले, "बघा, सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी नीट ऐकून उत्तर दिलं!"

मी त्यांचं ऐकते, पण उत्तर देत नाही. मी घरून एका कंपनीचं कॉम्प्युटरवरचं काम करते, म्हणून काकांना वाटतं माझी होणाऱ्या साहेबांकडे ऊठबस आहे. "आपल्याबद्दल दोन शब्द चांगले टाकून ठेव," असं ते अधूनमधून सुचवतात. मोबाइलचं मराठी अडखळलं की तो माझ्यापुढे धरतात. "हे तुझ्यासारखंच हाय पोरी. इंग्लिश मिडियमचं. मराठी कळतं सगळं, बोलायला लाजतं." यावर मी काही बोलले नाही, त्यामुळे त्यांचं म्हणणं आणखीच पक्कं झालं. खरं तर ते बरोबरच होतं. शाळेत प्रश्न सुचला की मी त्याचं इंग्रजी मनातल्या मनात दुरुस्त करत बसायचे. वाक्य तयार होईपर्यंत तास संपलेला असायचा. मराठीत विचारावं, तर माझ्या उच्चारांना हसतील ही धास्ती. असे दोन्ही भाषांतले न विचारलेले प्रश्न माझ्याकडे भरपूर साठले आहेत.

आणि काकांना नेमका प्रश्नच हवा होता. कॉलनीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात गेल्या वर्षी त्यांनी 'गुरुत्वाकर्षण आणि येणारे दिवस' यावर भाषण दिलं होतं. तासभर जीव तोडून बोलल्यावर त्यांनी विचारलं, "काही प्रश्न?" तिसऱ्या रांगेत एक हात वर झाला. काका उजळले. हातवाले आजोबा म्हणाले, "पंखा जरा वाढवता का?" त्यानंतर आठ दिवस जिन्यातून 'अहो' ऐकू आलं नाही. मोबाइलशी ते नुसते "तापमान" एवढंच बोलत.

या वर्षी मंडळानं त्यांना पुन्हा एक रविवार दिला. तक्ते मी रंगवून दिले. काकूंनी एक व्यवहारी तोडगा सुचवला, "या पोरीलाच सांगून ठेवा एखादा प्रश्न विचारायला." काकांनी हातातला स्केचपेन खाली ठेवला. "ज्यानं माल बनवला त्यानंच तपासायचा नसतो. वाळूजला असं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं मला. प्रश्न आला तर खरा यावा, नायतर येऊ नये." मग तक्त्याकडे बघत, जरा हळू म्हणाले, "एक आला तरी बास हाय."

रविवारी समाजमंदिरात तीसेक माणसं होती. मागच्या टेबलावर पोहे झाकून ठेवले होते आणि बहुतेकांचं लक्ष त्या झाकणावर होतं. काकांनी घरची डबल बेडची चादर चार आजोबांना चार कोपऱ्यांनी ताणून धरायला लावली, मधोमध लाल भोपळा ठेवला आणि पडलेल्या खोलगटात चिंचोके सोडले. चिंचोके गरगरत भोपळ्याकडे निघाले. "ही पृथ्वी, हा गुरू, हा शनी..." तेवढ्यात शनीकडच्या आजोबांना बीपीची गोळी आठवली, त्यांनी कोपरा सोडला, आणि सूर्य थेट अध्यक्षांच्या पायावर उतरला. हॉल खदखदून हसला. काकूसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. काकाही हसले, पण भोपळा उचलताना त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

शेवटची दहा मिनिटं ते फार छान बोलले. मोठ्या कृष्णविवराचा काठ कसा असतो, ते सांगितलं. "तिथं पाटी नसती, 'हद्द समाप्त' म्हणून. धक्का नाय, आवाज नाय. पडणाऱ्याला वजनच जाणवत नाय, त्याला वाटतं सगळं नेहमीसारखंच हाय. काठ कधी ओलांडला, ते त्याचं त्याला कळत नाय. सिंग्युलॅरिटीचा काठ तसाच. पण घाबरू नका. आपण अजून अलीकडंच हाओत. तयारीला वेळ हाय." मग त्यांनी तक्त्याची गुंडाळी केली, घसा साफ केला आणि विचारलं, "काही प्रश्न?"

पंखा पुरेसा जोरात होता. कुणीतरी चप्पल शोधू लागलं. मागे पोह्यांचं झाकण निघालं आणि तीस माना वळल्या. काकूंची मान तेवढी काकांकडे होती. काका हसरा चेहरा तसाच धरून उभे होते; गेल्या वर्षीही ते असेच उभे राहिले असतील. तक्ते रंगवल्यापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट टोचत होती. तिचं इंग्रजी तयार नव्हतं आणि मराठीही धड जुळत नव्हतं. अध्यक्ष आभार मानायला उठले तशी मीही उठले. खुर्ची फरशीवर केवढ्यांदा तरी वाजली, सगळ्या माना परत वळल्या, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"काका, काठावर पाटी नसतेच, तर आपण अजून अलीकडेच आहोत, हे तुम्हाला कसं कळलं?"