चार हजार फोटोंची जागा

लेक चार दिवसांसाठी येणार होती, आणि या वेळी नातीचे फोटो आपल्या घरात राहिले पाहिजेत, असं बाइंडरबाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. दोन वर्षांपूर्वी लेकीने आपल्या मोबाइलवर शेकड्याने फोटो काढले, ‘पाठवते गं आई’ म्हणाली आणि विमानात बसली. बाईंच्या साध्या फोनवर त्यातला एकही आला नाही. तेव्हा दहा महिन्यांची असलेली नात आता फोनवर आजीचा आवाज ऐकला की ‘कोण आहे?’ विचारायची.

दुकानदाराने काचेवर दोन कॅमेरे ठेवले.

“मावशी, हा महागाचा घ्या. लांबचं अगदी जवळ दिसतं.”

“आणि फोटो राहतात कुठे?”

“कार्डावर. ते वेगळं घ्यावं लागतं.”

बाई चपापल्या. पैसे त्यांनी फक्त कॅमेऱ्यापुरते धरले होते.

“चहा घ्यायचा म्हटलं की कप लागणारच ना, मावशी!” दुकानदार हसला. त्याने नखाएवढी दोन कार्डं पुढे केली. “यात दोनशे फोटो, यात चार हजार. महागाच्या कॅमेऱ्याबरोबर तुमच्या पैशांत लहान कार्डच बसेल. तेवढं पुरे. भरलं की कॉम्प्युटरवर उतरवायचे.”

“कॉम्प्युटर नाही माझ्याकडे.”

“मग पुढच्या वेळी दुसरं घ्या.”

पुढच्या वेळी! बाईंनी हिशेब मांडला. दिवसाला पन्नास धरले तर चार दिवसांत दोनशे. म्हणजे लहान कार्ड एका भेटीत संपणार. आणि मोठं? वीस भेटी. लेक दोन वर्षांनी एकदा येते, म्हणजे चाळीस वर्षं. बाईंना एकोणसाठावं चालू होतं. त्यांना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही.

तीस वर्षं त्यांनी वाचनालयातली फाटकी पुस्तकं बांधली होती. शिलाई घालण्याआधी प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी त्या कोरी पानं जोडत. एक पुरत असताना चार. ग्रंथपाल चिडवायचे, “बाई, तुमच्या पुस्तकात मजकूर कमी आणि कोरी पानंच जास्त!” त्या म्हणायच्या, “असू देत हो. कुणाला काही लिहावंसं वाटलं तर?” तीस वर्षांत कुणी फारसं काही लिहिलं नव्हतं.

“साधा कॅमेरा द्या,” त्या म्हणाल्या. “आणि मोठं कार्ड.”

“अहो, पण त्यात लांबचं नाही दिसणार.”

“लांबचं मी रोजच बघते.”

दुकानदाराने कार्ड आत सरकवलं, कॅमेरा चालू केला आणि चालतो की नाही ते बघायला समोर धरला. “मावशी, इकडे बघा.”

खटका वाजला. बाईंनी वाकून पाहिलं. छोट्या पडद्यावर त्या उभ्या होत्या, कोपऱ्याला सरकून, पिशवी पोटाशी धरून. शेजारी कुणी उभं राहणार असल्यासारखी अर्धी चौकट मोकळी होती.

“तपासायला काढला होता,” दुकानदार म्हणाला. “पुसून टाकू?”

बाईंनी कॅमेरा हातात घेतला.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “जागा खूप आहे.”